जवसाचा चौकोन

आमच्या कंपनीतल्या पेंट शॉपच्या दारावर एक पाटी आहे. केसांना तेल आणि अंगाला पावडर-सेंट लावून आत येऊ नये. चाकणला कामाला लागले त्या पहिल्या दिवशी ती पाटी वाचून, खरं सांगायचं तर, मला आनंदच झाला. एकवीस वर्षं आई माझ्या डोक्यात तेल जिरवत आली होती. माझे केस जन्मापासून कुरळे, आणि लातूरकडच्या आमच्या घरात कुरळे केस मोकळे ठेवणं म्हणजे पोरीने अंथरुणातून उठून तसंच पाहुण्यांसमोर येण्यासारखं. त्यावर आईचा इलाज एकच. वाटीभर खोबरेल, दात पडलेला कंगवा आणि डोळे ताणले जातील अशी घट्ट वेणी. मी रडायचे आणि ती म्हणायची, "गप बस, माणसात आणायलेय तुला."

आनंद चार दिवस टिकला. तेल सुटलं तसे केस फुलले, ते काही केल्या खाली बसेनात. आमच्याकडे रंगाच्या विभागात जाताना नखशिखान्त पांढरा सूट आणि डोक्यावर घट्ट टोपडं घालावं लागतं, कारण आम्ही गाड्यांचे बंपर रंगवतो आणि ओल्या रंगावर एक केस पडला तरी बंपर वाया. बाकीच्या मुली टोपडं चढवून चालू लागायच्या. माझे केस कोंबायला दोघी लागायच्या, आणि तरी कपाळावरची एक बट हटकून बाहेर यायची. आईला फोनवर सांगितलं, कंपनीत तेल चालत नाही. ती म्हणाली, "तेल नाही तर केस कसे राहतेत गं?" कंपनीबद्दलचं तिचं मत त्या दिवशी कायमचं बिघडलं.

थेरगावला आम्ही तिघी मुली एका खोलीत राहायचो. त्यातली एक वाकडच्या मॉलमध्ये कामाला होती. दहा महिने माझी ही दशा बघून शेवटी तिने कुरळ्या केसांसाठीची एक क्रीम आणून दिली. ओल्या केसांना ती चोळली, वाळू दिले आणि आरशात पाहिलं, तर भलतीच कोणी मुलगी उभी! एकेक बट सुटी, गोल, चमकणारी. इतकी वर्षं हे माझ्याच डोक्यावर होतं आणि मला कुणी सांगितलं नाही, याचा आधी रागच आला. मग इतकी खुशीत आले, की कंपनीच्या बसमध्ये मोशी येईपर्यंत खिडकीच्या काचेत स्वतःलाच बघत बसले.

पाटीवर क्रीमचं नाव नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर सुरुवातीलाच आम्हाला बजावलं होतं, सिलिकॉन असलेली कुठलीही वस्तू अंगाला लावायची नाही, रंगाला ती सोसत नाही. पण ट्यूबवरची अक्षरं मुंगीएवढी होती आणि मला ती वाचायचीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी बंपरवर क्रेटर आले. क्रेटर म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे. त्या जागी रंग बसायलाच तयार होत नाही, बाजूला सरकतो. रंग पक्का करायच्या भट्टीतून निघणारा दर तिसरा-चौथा लाल बंपर देवीचे व्रण असल्यासारखा बाहेर यायला लागला. लाइन थांबली. हवेच्या पाइपात तेल आलं का, रंगाचा डबा बदलला का, हातमोजे कुठले आहेत, सगळी चौकशी सुरू झाली. माझं काम होतं, रंगात जाण्याआधी प्रत्येक बंपर चिकट कापडाने पुसायचा. आणि मला आठवलं, कपाळावरची ती बट मी दिवसातून पन्नास वेळा हातमोज्यानेच आत ढकलते. आणि त्याच हातमोज्याने बंपर पुसते.

माझं ट्रेनीचं वर्ष संपायला दीड महिना उरला होता. कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, ती यादी आमचे सुपरवायझर करायचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. चाकणजवळच्याच गावचे, घरची कांद्याची शेती, पंचवीस वर्षं रंगात काढलेली आणि डोकं तुळतुळीत. माणूस चांगला, पण क्रेटर दिसला की घरचं कुणी आजारी पडावं तसा कासावीस व्हायचा. आणि मला ती नोकरी फार हवी होती. पहाटेची बस, पांढराशुभ्र सूट, भट्टीतून चकचकीत होऊन येणारा माल, हे सगळं मी स्वतः मिळवलेलं होतं. ते हातातून जाईल या विचाराने मला घाम फुटला.

जेवणाच्या सुट्टीत मी लॉकरमधली ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात धुतले आणि कँटीनमध्ये जाऊन बसले. समोर स्प्रे गन चालवणारा पेंटर बसला होता. सकाळपासून जो तो त्यालाच बोलत होता, तुझी गन साफ नसणार म्हणून. तो मान खाली घालून भात नुसता कालवत होता, खात नव्हता. मला ते बघवेना. उठले, कचऱ्याच्या डब्यातून ट्यूब काढली, तिच्यावर पडलेलं केळ्याचं साल झटकलं आणि ट्यूब दादांपुढे नेऊन ठेवली.

"दादा, हे माझ्या केसांना लावलंय. तीन दिवस झाले."

ते ओरडतील म्हणून मी डोळेच मिटून घेतले होते. पण ते "चल" एवढंच म्हणाले. भंगारातला पत्र्याचा तुकडा घेतला, त्यावर क्रीमचं बोट टेकवलं, पुसलं आणि वरून पेंटरला रंग मारायला लावला. त्या जागेवरून रंग असा पळाला, की बघणारे सगळे एकदम "आईगं" म्हणाले. दादांनी पेंटरच्या पाठीवर थाप मारली. "तुजी गन चांगली हाय रं!"

मला रडू आवरेना. "दादा, मी उद्या केस कापूनच येते. पार बॉयकट करते."

"खुळी का काय तू? केसाचा काय गुन्हा हाय? गुन्हा ह्या ट्यूबचा हाय." त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "केसाची किंमत आमाला इचार. आता आसं कर, जे लावायचं आसंल ते आदी हितं आण. पत्र्यावर पास झालं तरच डोक्याला लाव."

आणि माझ्या केसांची परीक्षा सुरू झाली. दादांनी एका पत्र्यावर चार चौकोन आखून दिले. शिफ्ट सुटली की आठवड्याला एका चौकोनाचा निकाल लागायचा. दुसरी क्रीम नापास. मैत्रिणीचं सिरम नापास, तेही असं, की दादा दोन पावलं मागे सरले. आईचं खोबरेल नापास, ही गोष्ट मी तिला आजतागायत सांगितलेली नाही. सगळी लाइन एव्हाना त्यात गुंतली होती. सकाळी बसमध्ये ड्रायव्हरसुद्धा विचारायचा, काय मॅडम, निकाल काय?

मग एका व्हिडिओत एक बाई केसांसाठी कसलं तरी बी उकळताना दिसली. परदेशातून आलेलं रत्न दाखवावं तसं ती ते तळहातावर घेऊन दाखवत होती. मी डोळे फाडून पाहिलं. अगं बाई, हे तर जवस! आईने चटणीसाठी दिलेलं किलोभर जवस माझ्या पलंगाखाली पडून होतं. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आच, दाट झालं की उतरवून गरम असतानाच गाळायचं. मी पहिल्यांदा ते गार होऊ दिलं. मग ते गाळणीतून पडेना आणि पडलं तर तुटेना. गाळणीपासून फरशीपर्यंत लांब लोंबत राहिलं, आणि आम्ही तिघी हसून हसून भिंतीला टेकलो.

दुसऱ्यांदा गरमच गाळलं, बाटलीत भरलं आणि कंपनीत नेलं. दादांनी बाटली हुंगली. "ह्येची तर चटनी करत्यात." चौथ्या चौकोनावर त्यांनी जवस पुसलं, रंग मारला, पत्रा भट्टीत गेला. बाहेर आला तेव्हा तो चौकोन काचेसारखा सपाट होता. दादांनी बॅटरी मारून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं, बोट फिरवलं आणि खिशातल्या मार्करने खाली लिहिलं, पास. पेंटरने टाळ्या वाजवल्या.

माझी केसांची पद्धत आजही तीच आहे. बुधवारी आणि रविवारी न्हायचं. ओले असतानाच बोटांनी गुंता काढायचा, वाळल्यावर कंगवा अजिबात लावायचा नाही. ओंजळभर जवसाचा चीक खालून वर दाबत लावायचा, कंपनीच्या जुन्या टी-शर्टमध्ये केस गुंडाळायचे आणि वाळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. शेवटचा नियम सगळ्यात कठीण. कपाळावरची बट आता गुपचूप टोपड्यात राहते.

तो दीड महिना भरला तशी यादी लागली. तिच्यात माझं नाव होतं. मी आभार मानायला गेले तर दादा म्हणाले, "ट्यूब तू आनून दिलीस म्हनून ठिवली. न्हाईतर अजून गन धूत बसलो असतो."

त्या संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. केस मोकळेच होते. नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं, मग क्रीम, खड्डे, पत्रा, जवस, सगळं सांगितलं. ती माझ्या केसांकडेच बघत होती. आता झिंज्या म्हणणार, म्हणून मी तयारीत बसले.

"माझे बी असेच होते," ती म्हणाली. "लग्नाआधी."

मी तिच्याकडे पाहिलं. तेलाने चप्प बसलेला भांग, मागे सुपारीएवढा अंबाडा. जन्मापासून हे डोकं मी असंच बघत आले होते. तिने मागे वळून घरात कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"ते जवसाचं, माझ्या केसाला चालंल का गं?"

"चालेल आई," मी म्हटलं. "पण गरम असतानाच गाळ."