ताईचं मत आसामातून

ताईचा फोन आला की आबा उठून बाहेर जायला लागले, हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. मी घरात कमी बोलते, त्यामुळे कोण कधी उठतं, कोण कधी बसतं हे मला दिसत राहतं. पूर्वी फोन वाजला की आबा म्हणायचे, "स्पीकरवर टाक." आता ते खुंटीवरचं मुंडासं घेऊन, कुणी न विचारता, "मेंढरं बघून येतो" म्हणायचे आणि निघायचे. आई ताईला सांगायची, "अगं, आत्ताच गेले बघ."

ताई निमलष्करी दलात आहे, सध्या आसामात. माझ्याहून बरीच मोठी. ती लहान असताना आमचं निम्मं वर्ष मेंढरांमागे जायचं, त्यामुळे ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जमेल तशी शिकली. माझ्या वेळेपर्यंत अवसरीत घर झालं होतं, थोडी शेती झाली होती आणि मंचरच्या इंग्लिश मीडियमची पिवळी बस आमच्या फाट्यापर्यंत यायला लागली होती. आबांबरोबर रानात राहिली ती ताई. मला आबांशी बोलायचं असलं तर मनात आधी वाक्य तयार करावं लागतं. ताईला कधीच लागलं नाही. म्हणून तिचा फोन सोडून ते बाहेर जातात हे मला फारच विचित्र वाटत होतं.

दसरा झाला आणि आबा मेंढरं घेऊन दरवर्षीसारखे जुन्नरकडे गेले. रानं रिकामी झाली की शेतकरी मेंढरं आपल्या वावरात बसवून घेतात, खत मिळतं म्हणून. आबा असे या वावरातून त्या वावरात महिनोन्‌महिने फिरतात. जातानाही त्यांनी ताईचं नाव काढलं नाही.

कारण मला चुलतीकडून कळलं. विधानसभेची निवडणूक लागली होती, गावात रोज कुणाची ना कुणाची गाडी स्पीकर लावून फिरत होती. मी पिठाच्या गिरणीत उभी होते. चुलती डबा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, ताईचं लगीन उरकलं म्हणं? आमाला एक पेढा बी न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "कुणाचं लग्न?"

"आता गं बया! घरातलीच इचारती कुणाचं. ग्रामपंचायतीत नाव वाचलं की तिचं."

गणपतीनंतर ग्रामपंचायतीत मतदार यादीचं वाचन झालं होतं. नवी नावं कोणती, वगळलेली कोणती, हे मोठ्यानं वाचतात. नाव का वगळलं ते कुणी वाचत नाही, नुसती नावं. पण ऐकणाऱ्याला कारण माहीत असतं. आमच्या गावात यादीतून नाव दोनच प्रकारांनी जातं. माणूस वारलं तर, नाहीतर मुलगी सासरी गेली तर. त्या दिवशी वगळलेल्या नावांत ताईचं नाव आलं. ती जिवंत आहे हे सगळ्यांना माहीत होतं, दर रविवारी तिचा फोन येत होता. मग राहिलं एकच. तिकडंच कुणाशी तरी, कुणाला न सांगता.

आबा त्या वाचनाला पुढच्या रांगेत बसले होते.

मी गिरणीतून घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी विचारलं, तुला हे माहीत होतं का? तिनं थापणं थांबवलं नाही. म्हणाली, "तुझ्या आबांनी सोताच्या कानांनी ऐकलं. मी म्हणलं इचारा तिला. तर म्हणाले, तिला सांगायचं आसंल तर ती सांगंल."

"आणि तू? तू का नाही विचारलंस?"

"मला भ्या वाटलं," आई म्हणाली. "व्हय म्हणाली तर?"

फोनवर हे विचारायला माझी जीभ रेटली नसती. मी ताईला मेसेज टाकला. "तुझं लग्न झालंय का?" पाठवल्यावर वाचून पाहिला तर तो फारच उद्धट वाटला, पण तोवर तिनं पाहिलाही होता. लगेच फोन आला. ती इतकी हसत होती की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"कुणाशी लावलंस गं माझं? मेसमधल्या आचाऱ्याशी? आमटी पातळ करतो, पण माणूस चांगलाय."

मी यादीचं सांगितलं. ती म्हणाली, "अगं येडे, ते मीच अर्ज भरलाय. आमच्या युनिटनं सगळ्यांचे भरून घेतले. आम्हाला मतदानाला गावी येता येत नाही ना. मग आमची नावं गावच्या यादीतून काढून फौजवाल्यांच्या वेगळ्या यादीत घालतात. मतपत्रिका तिकडून कॉम्प्युटरवर येते. आमच्या ऑफिसात पासवर्ड टाकून उघडतात, छापतात. आपण खूण करायची, छोट्या पाकिटात घालायची. वेगळ्या कागदावर माझी सही, त्यावर साहेबांची सही. सगळं मोठ्या पाकिटात, आणि पोस्टात. माझी आलीये पण. दोनदा निरोप आला, घेऊन जा म्हणून." मग तिचा आवाज जरा उतरला. "हे कुणाकुणाला वाटतंय?"

"गावाला."

"आणि आबांना?"

"ते वाचनाला पुढच्या रांगेत होते."

"म्हणून फोनवर येत नाहीत होय," ती म्हणाली. "मला वाटत होतं रेंज नसेल. मेंढरांमागं असतील." मग म्हणाली, "गावानं माझं लग्न लावलं आणि आबांनी अक्षता टाकल्या. एकदा विचारलं असतं तर काय झालं असतं? जा, नाही आणत मी ती मतपत्रिका. ज्या गावात मी नाहीच, तिथं मत कशाला?"

"ताई, ते पाकीट मोजणीच्या सकाळच्या आत पोचावं लागतं. आसामातून—"

"नाही पोचणार मग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ताई रागावली तर ओरडते. ओरडली असती तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. मत हा तिच्यासाठी एक कागद होता, पण तो कागद तिथं टेबलावर पडून राहिला असता तर दोघांच्यात पडलेलं हे अंतर तसंच पडून राहिलं असतं, असं मला सारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला म्हटलं, "आबांची भाकरी बांधून दे, मी देऊन येते." आबा तेव्हा पिंपरी पेंढारला होते. एवढ्या लांब मी स्कूटी कधीच नेली नव्हती. आईनं काही विचारलं नाही, फक्त भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी जास्त घातली.

नारायणगावपासून मी हेल्मेटच्या आत वाक्य पाठ करत होते. आळेफाट्याला डावीकडे वळले तेव्हा ते पाठ झालं होतं.

सोयाबीन काढलेल्या वावरात मेंढरं पसरली होती. बांधावर ज्यांचं वावर ते काका तंबाखू मळत बसले होते. आबांनी एक मेंढी दोन्ही गुडघ्यांत धरली होती आणि तिच्या खुरातला काटा काढत होते. मला बघून म्हणाले, "तू हिकडं? आई बरी हाय ना?"

"बरी आहे. भाकरी दिलीय."

"भाकरी द्यायला एवढ्या लांब गाडी हाणलीस?"

काका म्हणाले, "आवो पावणं, थोरल्या जावयाचा निरोप आणला आसंल पोरीनं." म्हणजे आबांनी यांना सांगितलं होतं. आम्हाला नाही, यांना.

मी पाठ केलेलं वाक्य एका दमात बोलले. "आबा, ताईचं लग्न झालेलं नाही, तिचं नाव फक्त दुसऱ्या यादीत गेलंय."

आबांनी मेंढीचा पाय सोडला नाही. मी फौजवाल्यांच्या यादीचं सांगितलं, जमेल तसं. मतपत्रिका, पासवर्ड, पाकिटं.

"हितनं तिकडं कॉम्प्युटरवर जाती?"

"हो. लगेच."

"आन येताना पोस्टानं?"

"हो."

"मंग येताना बी तशीच का न्हाई येत?"

"गुप्त मतदान असतं ना आबा. वाटेत कुणी बघू नये म्हणून असेल." मला याहून चांगलं उत्तर येत नव्हतं. पण त्यांना ते पटलं. त्यांनी मान हलवली, काटा उपटला आणि मेंढी सोडून दिली.

"ताई म्हणते मत देणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"तुम्ही तिला विचारलं नाही म्हणून."

आबा उठले. बिऱ्हाडाच्या ताडपत्रीखाली वाकले आणि गोणीतून एक घोंगडी काढली. काळी, कोरी, काठाला पांढरी रेघ. अजून चिंचोक्याच्या खळीचा वास येत होता. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होती.

"आपल्याच मेंढरांची लोकर," ते म्हणाले. "जावयाला म्हणून इणून घेतली. आज ना उद्या ती त्याला घेऊन यील. पहिल्यांदा दारात आल्यावर त्याला बसायला काय टाकायचं? घरातल्या समद्या जुन्या झाल्यात."

एवढे दिवस मी त्यांच्या उठून जाण्याला राग समजत होते. आईही तेच समजत होती, आणि कालपासून ताईही. मी घोंगडीच्या काठावरून हात फिरवत राहिले. मान वर करायची नव्हती मला.

काका खाकरले आणि म्हणाले, "लई दिवस म्हणतोय मी यांना, फोन लावा. तर म्हणत्यात, तिची बोलायची वेळ तिला ठरवू द्या."

"लाव," आबा मला म्हणाले. मी माझा फोन काढला. "त्यो नगं. माझ्यावरनं लाव. तिला आबाचा नंबर दिसू दे."

त्यांच्या बटणांच्या फोनवरून मी नंबर लावला. रिंग पूर्ण वाजली, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. "ड्यूटीवर आसंल," काका म्हणाले. आम्ही तिघं भाकरी खायला बसलो. आबांचं लक्ष भाकरीत नव्हतं, फोन त्यांनी मांडीवर ठेवला होता. तो वाजला तेव्हा त्यांनी चटणीच्या हातानंच उचलला आणि मेंढरांकडे तोंड करून, फोनवर बोलतात तसे, मोठ्यानं बोलायला लागले.

"हां. मीच. न्हाई, मेंढरं बरी हायेत. न्हाई गं, कुणाला काय बी झालं न्हाई." मग जरा थांबले. "आगं, मी रागावलो न्हवतो. मी वाट बघत व्हतो."

पलीकडून ती बरंच काही बोलली असावी. आबा नुसते ऐकत होते. मधेच म्हणाले, "व्हय, चुकलं." मग, "तुझ्या नवऱ्याला घोंगडी केली व्हती, आता ही म्हणती नवराच न्हाई." फोनमधून ताईचं हसणं मला बांधापर्यंत ऐकू आलं. ते मधेच थांबलं आणि आबांनी मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले, मग तेच टोक नाकाला लावलं. शेवटी म्हणाले, "आन ते मत आलंय म्हणं तुझं, ते टाक. कुणाला टाकायचं ते तुझं तू बघ. पर टाक."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "ती म्हणती नवरा मिळंस्तवर घोंगडी तिलाच पाठवा, तिकडं गारठा हाय. मंचरच्या पोस्टातनं घाल. आन ऊन हाय तवर निघ, वाटंला ऊस हाय, बिबट्या हिंडतोय."

ताईनं दुसऱ्याच दिवशी मत दिलं. मतपत्रिकेचा फोटो काढायचा नसतो, म्हणून तिनं नुसतं सांगितलं. ऑफिसातला प्रिंटर शाई कमी झाल्यासारखा छापत होता. सही करणारे साहेब केरळचे. त्यांनी मराठी नावांकडे बघून विचारलं, यात तुझं गाव कुठलं? ती म्हणाली, गाव नाही साहेब, मतदारसंघ आहे, आंबेगाव, आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. "कितीतरी दिवसांनी मराठी छापलेलं हातात आलं गं," ती म्हणाली. "उमेदवारांची नावं दोनदा वाचली. एकाला पण ओळखत नाही, तरी वाचली." मग मला म्हणाली, "तू एकटी गेलीस पिंपरी पेंढारला? स्कूटीवर?" मी हो म्हटलं. मग तिनं वाटेतलं सगळं मला सांगायला लावलं.

मतदानाला आबा मेंढरं चुलत्याकडे सोपवून घरी आले आणि मोजणीपर्यंत राहिले. चहाच्या टपरीवर त्यांना कुणी लग्नाचं विचारलं की ते आता सगळी हकिगत सांगायचे. त्यांच्या सांगण्यात साहेब, पासवर्ड आणि प्रिंटर यांचा क्रम दर वेळी बदलायचा. शेवटी मात्र ठाम असायचे, "सरकार तिला घरपोच मत देतंय, तुमच्यागत रांगेत न्हाई उभं करत."

ताईचं पाकीट वेळेत पोचलं का, हे आम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. आसामातून किती दिवस लागतात हे मी पोस्टात विचारलं होतं. उत्तर काही धीर देणारं नव्हतं. मी ते आबांना सांगितलं नाही.

मोजणीच्या सकाळी आबा आंघोळ करून टीव्हीसमोर बसले. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, चहात साखर किती घालू, चुलती दारातून विचारत होती, कोण पुढं हाय. टीव्हीवरची बाई म्हणाली, राज्यभरात आता टपाली मतांची मोजणी सुरू झाली आहे.

आबांनी हात वर केला. "गप ऱ्हावा समदी," ते म्हणाले. "पोरीचं मोजत्यात."

चुलती दारातच गप्प उभी राहिली. आईनं गॅस बारीक केला.