घडाघडा वाचणारी पोरगी

भीमराजचा आवाज चांगला होता. पाथर्डीहून जीपने अर्ध्या तासावर खडकमाळ नावाची वस्ती आहे. तिथल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी वंदना घ्यायचं काम त्याच्याकडं होतं. हातात निळ्या पुठ्ठ्याची लहानशी पुस्तिका, मान जराशी खाली, नजर पानावर. एका दमात म्हणायचा, कुठे अडायचा नाही. लग्न असो की कुणाच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन, माणसं म्हणायची, भीमराजला बोलवा, त्याचं वाचणं कानात राहतं.

त्याला वाचता येत नव्हतं.

कुणाला फसवावं म्हणून त्याने हे केलं नव्हतं. त्याचा बाप असाच पुस्तिका धरून वंदना म्हणायचा. ऐकून ऐकून ती पोराच्या तोंडी बसली आणि बाप गेल्यावर पुस्तिका पोराच्या हातात आली. पुस्तक धरायचं ते मानासाठी. लहानपणी दर साली सहा महिने तो आईबापांबरोबर उसाच्या फडात असायचा. उरलेल्या सहा महिन्यांत शाळेत मागच्या बाकावर बसून पुढच्यांनी म्हटलेलं मोठ्याने म्हणायचा. मास्तर पुढे सरकले, पट पुढे सरकला, अक्षरं तशीच राहिली. सही तेवढी यायची. ती त्याने चित्र काढावं तशी शिकून घेतली होती.

तीन सालांमागे उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना त्याचा पाय निसटला आणि गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून तो घरी, चार शेळ्यांपाशी. बायको दिपाली आपल्या भावाबरोबर, बन्सीबरोबर, तोडीला जायची. मोठी लेक वृषाली नऊ वर्षांची. दोन मोसम ती आईबरोबर गेली होती. धाकटं पोरगं अकरा महिन्यांचं, गेल्या मोसमात फडावरच्या पाचटाच्या कोपीतच जन्मलेलं.

या साली वृषालीला मागे ठेवायचं, असा भीमराजने हट्ट धरला. आपल्यासारखी तिची शाळा अर्धी अर्धी व्हायला नको. दिपाली हो म्हणेना. तान्ह्याला दूध पाजायचं म्हणजे ते तिच्याबरोबर जाणार, आणि ती ऊस तोडताना त्याच्याजवळ कुणी बसायला हवं. गेल्या साली शेजारच्या टोळीत फडाच्या कडेला चादरीवर झोपवलेल्या लेकरावरून मागे येणारा ट्रॅक्टर गेला होता. लेकरू जगलं, पण पाय गेला. दिपालीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ती ही गोष्ट एकदाच बोलली. पुन्हा बोलली नाही, आणि न बोललेली ती गोष्ट घरात चुलीपाशी बसून राहिली.

दसऱ्याला नवराबायकोत ठरलं ते असं. टोळी नेणाऱ्या कारभारी नावाच्या मुकादमाचा ट्रक येईल त्या सकाळी दिपाली लेकीच्या हातात पुस्तक देणार. पोरगी वाचायला लागली असली तर राहील, आणि तान्ह्यासाठी दिपाली टोळीतल्या कुणा म्हातारीचे पाय धरील. नसली तर चढेल ट्रकमध्ये.

भीमराज निर्धास्त होता. शाळेत पालकसभेला बाईंनी सांगितलं होतं, लेकरांकडून घरी रोज मोठ्याने वाचून घ्या, त्यांना गोडी लागू द्या, जवळ बसा. तो जवळ बसत होता. शाळेतून वाचायला दिलेलं एक चित्रांचं पुस्तक होतं, छत्री घेऊन बाजाराला निघालेल्या कोंबडीचं. वृषाली ओट्यावर पाय पसरून ते रोज वाचायची. कोंबडीला वारा लागायचा, कोल्हा छत्रीखाली जागा मागायचा, कोंबडी त्याला म्हणायची, आधी शेपूट बाहेर ठेव. इथे बापलेक दोघं हसायचे. कांदालागणीवरून परतलेली दिपाली पाण्याचा हंडा उतरवता उतरवता ऐकायची आणि काही न बोलता आत जायची. पण एकदा तिने बन्सीला सांगितलेलं भीमराजने ऐकलं, पोरगी घडाघडा वाचायला लागलीय म्हणून. बाईंनी दिलेल्या कागदावर तो रोज सही करत होता. त्यावर छापलेलं असायचं, आज घरी वाचन झाले.

दिवाळी झाली. मुकादमाचा फोन आला, पुढच्या शुक्रवारी ट्रक. दहा दिवस राहिले.

आदल्या दिवशी तान्ह्याने पुस्तकावर खीर सांडली होती, ती वाळून दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्या संध्याकाळी वृषालीने पान उलटलं तेव्हा ती दोन्ही एकदम उलटली. भीमराजला अक्षरं कळत नसली तरी चित्रं सगळी ठाऊक होती. समोरच्या चित्रात कोंबडी बाजारात शेंगा निवडत होती. कोल्हा कुठेच नव्हता. आणि वृषाली म्हणत होती, कोल्हा म्हणाला, मला जागा दे.

तो ऐकत राहिला. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, तोंड आपल्या वाटेने चाललं होतं. बोटाची आणि तोंडाची गाठच नव्हती.

मधलं एक पान उघडून, चित्रावर हात ठेवून त्याने ओळीवर बोट टेकवलं आणि इथून वाच म्हणाला. पोरगी बघत राहिली. मग दुसरी ओळ. मग एकच शब्द. तिने बापाकडं पाहिलं, त्यात भीती नव्हती, नुसतं नवल होतं.

"असं मधूनच कसं येईल, पप्पा? पहिल्यापासून म्हनावं लागतं."

"मग तुला वाचाया येत न्हाई?"

"येतं की. तुमी वाचता तसंच वाचते मी. विहारात." ती पुन्हा पहिलं पान शोधू लागली. "फक्त तुमी पान पलटत न्हाई."

शेळ्या दावणीला ओरडत होत्या. भीमराज उठला, त्यांना चारा टाकला, परत आला. पोरीने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती सरळ सांगत होती. बाईंनी वर्गात गोष्ट वीसदा वाचून दाखवली असेल, तिने कानाने उचलली, आणि पुस्तक हातात धरून म्हणायचं असतं हे बापाकडून घेतलं. त्याने लेकीला आपल्याजवळ होतं तेच दिलं होतं.

दिपालीला त्याने काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो वृषालीला शाळा सुटल्यावर वस्तीवर फिरवू लागला. माणसं जायला लागली होती. इतर मुकादमांचे ट्रक आधी आले होते, कारभारीच्या टोळीतलीही काही घरं नातेवाइकांकडं म्हणून पुढे निघाली होती. खडकमाळची एक रीत आहे. तोडीला जाणारा माणूस दाराला कुलूप लावतो आणि फळीवर खडूने लिहून ठेवतो, घरवाल्याचं नाव, मुकादमाचं नाव, कोणत्या गावच्या कारखान्यावर, आणि फोन. मागे राहिलेलं कुणी म्हातारं दगावलं तर कळवता यावं म्हणून.

भीमराजला वाचता येत नव्हतं, पण कोणतं घर कुणाचं हे अंधारातही येत होतं. नाव तोंडात तयार होतं, ते अक्षरावर नुसतं ठेवायचं होतं. सोपानच्या दारापुढे उभं राहून तो म्हणाला, हा सोपान. पहिलं ते सो असणार, मग पा, मग न. पुढच्या गल्लीत आधीच निघून गेलेल्या बन्सीचं दार होतं, त्यातही न सापडला, पण अर्धाच, पुढच्या अक्षराला डोकं लावून बसलेला, आणि दोघं त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. भामाबाईच्या दारावर भा मिळाला. आणि अर्ध्याअधिक दारांवर एकच नाव होतं. चौथ्या दिवशी वृषाली पुढे पळाली, एका दारापाशी थांबली, बोट एकेका अक्षरावर ठेवत गेली, आणि या वेळी बोट आणि तोंड बरोबर चाललं. का. र. भा. री.

आयुष्यात तिने स्वतः वाचलेला पहिला शब्द हा. त्या क्षणी तोच शब्द भीमराजनेही वाचला. शुक्रवारी ट्रक येणार होता तो याच नावाचा.

पण पोरीला चटक लागली. ती दारं शोधत पळायची, लंगडत तो मागे. कारभारीतला का आणि सोपानातला न जोडून तिने कान केला, स्वतःचे कान धरून हसली. पान, कार, भार. रोज दोनचार दारं नवी मिळायची, कारण रोज दोनचार घरं बंद व्हायची. जितकी वस्ती ओस पडे तितकं वाचायला जास्त. संध्याकाळी पूर्वी जिथे भाकरी थापल्याचा आवाज यायचा तिथे आता पांढरी अक्षरं होती आणि उंबऱ्यावर कुणाचं तरी सोडून गेलेलं कुत्रं. एका दारावर तिला वर्गातल्या मैत्रिणीच्या बापाचं नाव लागलं. तिने ते पूर्ण वाचलं, मग म्हणाली, म्हणूनच ती बुधवारपासून येत नाही.

"ज्या घरात मानसं हायेत त्याच्यावर का न्हाई लिहीत, पप्पा?"

त्याने तिला पुढच्या दाराकडं वळवलं.

घरी तो तिला कोंबडीचं पुस्तक मधूनच उघडून द्यायचा. पाठ म्हणायचं नाही, असं त्याने तिच्याकडून वदवून घेतलं, आईची शपथ घालून. पाठ ओठावर आलेलं गिळायचं आणि एकेक अक्षर उचलायचं, हे तिला जड जायचं. कधी रडायची. कधी एक ओळ लागली की पुस्तक डोक्यावर ठेवून अंगणभर नाचायची. दिपाली भांडी, कपडे, कोयते पोत्यात भरत होती. एकदा तिने वर पाहून विचारलं, आता वाचत का नाही मोठ्याने. भीमराज म्हणाला, मनात वाचते.

शुक्रवारी सकाळी ऊन अंगणात येण्याआधी ट्रक आला. विहारापाशी उभा राहिला, त्याच्यात बायका बसायलाही लागल्या. कारभारी स्वतः दारात आला. जय भीम, भीमराजभाऊ, म्हणाला, वहिनींना जरा घाई करा, वाटेत अजून दोन वस्त्या घ्यायच्यात. दिपालीने हात पुसले, ओट्यावर बसली, तान्ह्याला मांडीवर घेतलं आणि पुस्तक लेकीपुढे धरलं.

"वाच. पहिल्यापासून."

पहिल्यापासून. भीमराजला तो शब्द लागला. पहिलं पान वृषालीला झोपेतही येत होतं. तिने नुसतं तोंड उघडलं असतं तरी गोष्ट वाहत गेली असती, कोल्ह्यापर्यंत, बाजारापर्यंत, आणि ट्रक तिच्यावाचून निघून गेला असता. पोरीने बापाकडं पाहिलं. परवानगी मागत होती की शपथ आठवत होती, कळलं नाही. म्हण, एवढाच शब्द त्याला बोलायचा होता. तो तोंडात आला, जिभेवर राहिला. कारभारी मोबाईल बघत उभा होता.

वृषालीने बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. "ए... क. एक. को... को..." कोवर टिंब आलं, ती अडली. तो शब्द सोडून पुढे गेली. "हो... ती." कपाळावर घाम. दुसऱ्या ओळीला पुन्हा अडली. तिसरी ओळ संपेपर्यंत ट्रकच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

दिपाली आधी लेकीकडं, मग नवऱ्याकडं बघत राहिली.

"दसऱ्याला घडाघडा वाचत हुती. महिन्यात काय झालं हिला?"

"तवाचं खोटं हुतं," भीमराज म्हणाला. "हे खरं हाय."

मग तो बोलत गेला. पाठांतराचं, चिकटलेल्या पानांचं, दारांचं. शेवटी कारभारीसमोरच सांगून मोकळा झाला, की पुस्तिका हातात धरून मी जे म्हणतो ते वाचणं नाही, मला अक्षर येत नाही, पोरीनं माझंच उचललं. कारभारीने मोबाईल खिशात घातला आणि जमिनीकडं पाहिलं.

दिपाली चिडली नाही. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. कागद आला की तुमचा चष्मा हरवतो. पन मला वाटलं, लेकीपुरतं तरी येत आसंल."

"नऊ दिवसांत एवढं आलं तिला. सहा महिन्यांत..."

"दारं संपली, आवो. आता नवं काय वाचायचं?"

"शाळा हाय की."

"शाळा हुती की दिवाळीपत्तर. तवा पन पाठच करत हुती ना?" तिने तान्ह्याला खांद्यावर घेतलं. "मी सातवी पास हाय. मला येतं. माझ्यापाशी बसली तर रातच्याला चार अक्षरं तरी सांगीन."

तिलाही माहीत होतं आणि त्यालाही, की पहाटे चारला फडात गेलेल्या बाईला अंधार पडल्यावर भाकरी होईपर्यंत डोळे उघडे ठेवता येत नाहीत. तिने म्हातारीचं नाव काढलं नाही. त्यानेही काढलं नाही. ट्रॅक्टरखालचं ते लेकरू दोघांच्या मधे येऊन बसलं होतं, आणि भीमराजच्या खरेपणाजवळ त्याला उठवायला काही नव्हतं. पाठ म्हणू दिलं असतं तर, हा विचार त्याच्या मनात आला आणि तिथेच राहिला. आता सहा महिने तो तिथेच राहणार होता.

दिपाली वृषालीचे दोन फ्रॉक पोत्यात कोंबायला आत गेली. शेळ्यांना मोडाची मटकी घालू नका, गुडघ्याच्या गोळ्या फळीवर ठेवल्यात, असं आतूनच सांगत राहिली. त्याने हो हो म्हटलं.

ट्रकपाशी पोहोचेपर्यंत पोरगी रडून थांबली होती. कारभारीने तिला उचलून पोत्यांवर बसवलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "चांगलं वाचतेस गं." दिपाली तिच्या शेजारी चढली. इंजिन सुरू झालं. भीमराज ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून उभा होता. वृषालीने पुस्तक उघडलं, ते टिंबाचं अक्षर शोधलं आणि आईला कोपर मारून विचारलं. दिपाली वाकली, तिच्या कानात काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते भीमराजला ऐकू आलं नाही. त्याला ते हवं होतं. तो ओरडून विचारणार होता.

तेवढ्यात दिपालीने पदर कमरेला खोचला, हात मोकळे केले आणि तान्ह्याला वृषालीच्या मांडीवर दिलं. पोरीने त्याला दोन्ही हातांनी धरलं. ट्रक हलला तेव्हा पुस्तक तिच्या मांडीवरून खाली, पोत्यांच्या फटीत गेलं, आणि ते काढायला तिचा हात मोकळा नव्हता.