तोंड धुऊन या

भाताने भरलेला डाव ताटाच्या हातभर वर धरून ती थांबायची. ताट पुढे केलेलं पोरगं मान वर करून बघायचं. ती फक्त मैदानाच्या कोपऱ्यातल्या बोरिंगकडे मानेने खूण करायची. पोरगं तरीही हललं नाही, तर मग म्हणायची, "तोंड धुऊन ये."

पोरगं ताट खाली ठेवून बोरिंगवर जायचं, दांडा हापसून चूळ भरायचं, एक नाही तीनदा, आणि परत येऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. पाळी आली की ती त्याला इतरांपेक्षा अर्धा डाव जास्त वाढायची. "पाय, आता गोड लागते," म्हणायची. तिच्या रांगेतून एकही मूल कधी उपाशी परत गेलं नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे, कारण पुढे याच गोष्टीवर सगळं आलं.

आमच्या शाळेत ती पोषण आहार शिजवायची. पहिली ते आठवीची ऐंशी-पंचाऐंशी मुलं आणि चुलीपाशी ती एकटी. गावाचं नाव सांगत नाही. मी मुर्रीला राहते आणि स्कूटीने अर्ध्या तासात शाळेत पोचते, एवढं पुरे. तुमच्या ओळखीच्या एखाद्या गावात असंच घडलं असेल तर तेच धरून वाचा.

तिची रीत कळायला आधी आमच्या पोरांची तोंडं माहीत हवीत. सहावी-सातवीची पोरं. पेन मागायचा तर शिवी, पेन दिला नाही तर शिवी, दिला तरी शिवी. अर्ध्या हिंदी, अर्ध्या आपल्या, काही मोबाइलवरून नव्याने आलेल्या. बारा वर्षांचा पोरगा दुसऱ्याच्या आईबद्दल जे बोलायचा, ते बाकड्यावर बसून, गणित सोडवता सोडवता बोलायचा, आणि ती आई त्याच वेळी शाळेमागच्या धानाच्या बांधीत चिखलात वाकून रोवणी करत असायची. त्यात सुपारी-तंबाखूचा खर्रा. सातवीतल्या पोराच्या दातांवर तो काळपट लाल थर दिसला की मी तोंड फिरवायचे. मला किळस यायची आणि ती मी लपवत नसे.

यावर उपाय म्हणून मला तालुक्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता विद्यार्थ्यांमध्ये सभ्य वर्तन आणि आदरयुक्त भाषा. दुसऱ्या दिवशी चहा यायला उशीर झाला, तर शिकवणारे साहेब खिडकीतून चहावाल्याच्या आईपर्यंत जाऊन आले, आणि वळून आम्हाला म्हणाले, "हां, तर आपण कुठं होतो?" आम्ही नम्र भाषेच्या दहा फायद्यांपैकी सहाव्यावर होतो. मी ते दहाच्या दहा लिहून घेतले, कृतिपत्रिकांचा गठ्ठा आणला आणि स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीवर निळ्या रंगाने एक सुविचारही रंगवला. पोरं सुविचाराखाली उभी राहून शिव्या देऊ लागली.

ती भिंत तिच्या चुलीपासून चार हातांवर. मी रंगवत होते तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "मॅडम जी, भिंतीले वाचाले येते, पोट्ट्याईले नाही."

तिचं तोंड धुवायला लावणं मला सुरुवातीला गावंढळ वाटलं. पण त्यात नियम होते आणि ते पोरांना पाठ होते. 'बे' म्हटलेलं चालायचं. एकदा मी तक्रार केली की तो अमका मला "काय बे मॅडम" म्हणाला. ती हसली. "बे तर माया बाप बैलाले पण म्हने जी. त्यात घान नाही. तो अजून लहान आहे, शिकंल." मात्र आई-बहिणीवर गेलं की बोरिंग. कोणाच्या रंगावर, कोणाच्या लंगडण्यावर गेलं की बोरिंग. आणि कोणाच्या जातीवर, मोहल्ल्यावर गेलं तर बोरिंग होतंच, शिवाय ज्याला बोललास त्याला आज तू वाढायचं. तिचं स्वतःचं घर बुद्धविहाराच्या मागच्या ओळीत होतं. जातीवरून येणारा तो शब्द तिने लहानपणापासून किती वेळा ऐकला असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही.

वाढायची शिक्षा एका सातवीच्या पोराला झाली तो दिवस मला आठवतो. समोर बसलेली मुलगी भीतीने ताटातच बघत होती. चुलीपाशी उभी राहून ती म्हणाली, "विचार तिले, किती पाहिजे." पोरगं पुटपुटलं. "ऐकू नाही आलं तिले." शेवटी पोरगं नीट म्हणालं, "किती वाढू?" मुलगी म्हणाली, "थोडा." एवढंच घडलं. पण त्या दोघांत त्यानंतर मी वाकडा शब्द ऐकला नाही, आणि माझ्या दहा फायद्यांनी हे केलं नव्हतं.

एकदा माझीही पाळी आली. मुलांच्या आधी शिक्षकाने जेवण चाखून बघायचं असतं, ते काम माझं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी सहावीच्या एका मुलीला फळ्यापाशी उभं करून 'म्हशी' म्हटलं होतं, आणि वर तिच्या बापाची अक्कलही काढली होती. मी वाटी पुढे केली. डाव हवेत थांबला. "मॅडम जी," ती अगदी हळू म्हणाली, "बोरिंग चालू आहे."

मला इतका राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या. मी बी. एड. झालेली बाई, चुलीजवळची ही मला सांगते. पण रांग बघत होती. मी गेले, दांडा हापसला, चूळ भरली. पाणी थंड होतं. परत आले तर माझ्या मागे ती म्हशी म्हटलेली मुलगी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, नवल होतं. तोवर मला पोरांच्या तोंडांची किळस होती. त्या दिवशी माझ्या तोंडाची आली.

एकच पोरगं तिच्या नियमातून सुटायचं. शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा, लोकेश. तो घरून डबा आणायचा आणि ओसरीच्या टोकाला एकटा बसून जेवायचा. डबा का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तिच्या हातचं त्यांच्या घरी चालत नव्हतं. लोकेशची जीभ तर बापाकडून आलेली, सगळ्यांत घाण. पोरांनी तिला विचारलं, "लोकेशले काऊन नाही पाठवत बोरिंगवर?" ती म्हणाली, "तो माया पंगतीत नाही. ज्याले माया भात पाहिजे, त्याचंच तोंड मी पायते."

हे लोकेशने ऐकलं. चारेक दिवसांनी तो रांगेत दिसला. शर्टाची कॉलर ओली, हनुवटीवरून पाणी गळतंय. तो सांगितल्याशिवायच बोरिंगवर जाऊन आला होता. डबा ओसरीवर तसाच झाकलेला. त्याने ताट पुढे केलं. तिने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू परवानगी मागत होती. मी खाली बघितलं. तिने वाढलं. त्यानंतर लोकेश रोज रांगेत जेवला, आणि घरचा डबा परत जाताना रिकामा दिसावा म्हणून शाळेमागच्या कुत्र्याला घालायचा. हे महिनाभर लपलं. महिन्याने घरी कळलं, तरी तो रांगेतून हटला नाही.

मग अध्यक्षांचा वाढदिवस आला. वाढदिवसाला गावातल्या कोणी शाळेच्या मुलांना गोडधोड खाऊ घालायचं, अशी एक सोय आहे. फाटकावर त्यांचा फोटो असलेला बॅनर लागला, जिलेबी आली. मुलं रांगेत उभी. अध्यक्ष स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीला टेकून फोनवर बोलत होते. कोणाचा तरी ट्रॅक्टर वेळेवर पोचला नव्हता. पहिलीतल्या लेकरांपासून आठवीपर्यंत सगळे ऐकत होते, आणि तो माणूस त्या ट्रॅक्टरवाल्याची आई, बहीण, बायको, एकेकीला घेत होता. तोंडात खर्रा. मधेच वळून ते माझ्या सुविचारावर थुंकले. निळ्या अक्षरांवरून लाल ओघळ खाली आला. मुख्याध्यापक शेजारी हात बांधून हसत उभे होते.

फोन खिशात टाकून अध्यक्ष रांगेच्या पुढे आले. ताट घेतलं. जेवायचं नव्हतंच, मुलांसोबत ताट धरलेला फोटो हवा होता. मुख्याध्यापकांनी मोबाइल वर केला.

डाव हवेत थांबला.

"भाऊ जी," ती म्हणाली, "तोंड धुऊन या."

अध्यक्षांना आधी समजलंच नाही, ते हसले. मग समजलं. "तू मले शिकवतं का?"

"मी नाही शिकवत जी. हे सारे पोट्टे पाहून राहिले. आज तुमाले सोडलं, तर उद्या मी याईले कोन्या तोंडानं सांगू?"

तिचा आवाज चढला नव्हता. डावातले चार दाणे मात्र खाली सांडले. तिला काय होणार ते माहीत होतं. तिचा नवरा कंबरेतून गेलेला, वर्षानुवर्षं खाटेवर. रोवणी-कापणी सोडली तर गावात बाईला दुसरं काम नाही. ती चूल तिने दहा वर्षं धरून ठेवली होती. तरीही तिने डाव खाली केला नाही. अध्यक्षांनी ताट तिथेच जमिनीवर टाकलं आणि फाटकाबाहेर निघून गेले. लोकेश रांगेत सहावा होता.

आठवड्याभरात समितीची सभा झाली. ठराव आधीच टाइप करून आणलेला होता. सदर स्वयंपाकी महिला विद्यार्थ्यांना वारंवार जेवणापासून वंचित ठेवते, करिता तिला कामावरून कमी करण्यात यावे. खाली अध्यक्षांची सही होती आणि शिक्षक प्रतिनिधी म्हणून माझ्या सहीची जागा रिकामी. मी म्हटलं, "सर, हे खोटं आहे." मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, करून टाका ना. बदल्या होऊन राहिल्या. सालेकसाच्या पल्याड जंगलात टाकलं तर स्कूटीनं कशा जाल?" एवढंच बोलले. धमकीसुद्धा नीट दिली नाही. मी सही केली. माझी सही वळणदार आहे, मुलं तिची नक्कल करतात.

ती दुसऱ्या दिवशी आपला भात ढवळायचा सराटा आणि दोन फडकी न्यायला आली. या वस्तू शाळेच्या नव्हत्या, तिच्या घरच्या होत्या. मी वर्गाच्या दारात उभी होते. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल, आणि मला ते हवं होतं. ती जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम जी, पाचवीतली ती बारीक पोरगी आहे ना, तिले दुसऱ्यांदा पाहिजे राहते पन ती मागत नाही. तिले विचारत जाजा." मी हो म्हटलं. ती गेली. आता ती नागरा गावाकडे कोणाच्या तरी शेतावर जाते असं ऐकते. रस्त्यात दिसली तर काय बोलायचं हे मी ठरवलेलं नाही, म्हणून मी दुसऱ्या रस्त्याने येते.

नवीन बाई आली आहे. ती पटापट वाढते, कोण काय बोलतं ते ऐकत नाही. अध्यक्ष अध्यक्षच आहेत. पोरांच्या तोंडी बरंचसं पूर्वीसारखंच परत आलं आहे. लोकेश पुन्हा डबा आणतो, पण त्या रांगेत निवळलेली त्याची भाषा पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. कशी कोण जाणे, राहिली.

गेल्या आठवड्यात सातवीला मी त्या प्रशिक्षणातली कृतिपत्रिका वाटली. मोठ्या माणसांशी बोलताना कोणती काळजी घ्याल, पाच ओळी लिहा. लोकेश लिहीत नव्हता. थोड्या वेळाने उभा राहिला.

"मॅडम जी, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"बाबाच्या फायलीत तो ठराव पायला मी. बाबानं सही काऊन केली, ते मले समजते." त्याने शब्द नीट लावून घेतले. "तुमी काऊन केली जी?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा सापडतो का ते मी शोधलं. तो सापडला असता तर फार बरं झालं असतं.

"खाली बस," मी म्हटलं.

"हो जी," तो म्हणाला आणि बसला.