दोरी ओढणारा हात

डेपोतल्या जुन्या माणसांच्या गप्पा रेकॉर्ड करायचं ठरलं, तसा ड्रायव्हर टाळाटाळ करायला लागला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता तुला कोण खातंय, असं बायको म्हणाली. पण एकोणीस वर्षं त्याने एक गोष्ट जोडीच्या कंडक्टरपासून लपवली होती, आणि आता त्याच्याच समोर बसून आपल्या दोस्तीबद्दल बोलायचं होतं.

गोष्ट अशी, की त्याला घंटी ऐकू यायची नाही. जोडी जमण्याआधीच कान मंद झाले होते. माणसाचं बोलणं ओठांवरून कळायचं. इंजिनाच्या घरघरीत टोला मात्र पार बुडायचा. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तो डोक्यावरच्या आरशात बघायचा. कंडक्टरचा हात दोरीवर एकदा खाली आला की थांब, दोनदा आला की चल. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही, म्हणून कंडक्टरने रजा टाकली की हाही टाकायचा. डेपोत दोघांना नवराबायको म्हणत.

डेपोच्या मागच्या खोलीत टायरांचा वास होता. मशीन लावणारी पोरगी म्हणाली, "बोला काका, मी इथे नाहीच असं समजा."

"याचं काय सांगू," कंडक्टरने सुरुवात केली, "लाखभर वेळा घंटी मारली असेल मी. गडी एकदा चुकला नाही."

ते कौतुक ड्रायव्हरला सोसवेना. "खोटं आहे," तो म्हणाला. "तुझी घंटी मला कधी ऐकूच आली नाही. आरशात हात बघायचो तुझा. एखाद्या म्हातारीचा पाय पायरीवर असता आणि मला हात चुकीचा दिसला असता तर? आता काय बोलायचं ते बोल."

कंडक्टर उजवा खांदा चोळत राहिला. मग तोंड नीट त्याच्याकडे करून म्हणाला, "खांदा बघून डॉक्टर विचारतो, दोरी कानाजवळ असताना हात पार छताला कशाला न्यायचास. त्याला काय सांगू, आमच्या ड्रायव्हरसाहेबांना आरशात दिसायला नको?"

"म्हणजे तुला..."

"तिसऱ्या महिन्यात कळलं. घंटी बंद पडली होती त्या दिवशी. सवयीने दोरी ओढली, वाजलं काहीच नाही, आणि तू मात्र गाडी बरोबर थांबवलीस. म्हटलं, हा गडी कानाने चालवत नाही. त्यानंतर गर्दीत हात दिसेनासा झाला की मी तुझ्या पाठीशी येऊन उभा राहायचो. लोकांना वाटायचं, हवा खायला आलाय."

"मग बोलला का नाहीस?"

"झाकली मूठ तुझी, मी कशाला उघडू? राग यायचा पण. मी रजा घेतली की तूही घ्यायचास आणि साहेब मला झापायचा. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला जेवणापुरता जाऊन आलो, नालायका."

ड्रायव्हर हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसा लांब श्वास घेतला.

मशीनवर वाकून पोरगीने काहीतरी विचारलं. तो सवयीने मान डोलावणार होता. असं मान डोलावूनच त्याने सगळा जन्म काढला होता. पण थांबला.

"काय म्हणालीस पोरी? मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

"एवढं पुसून टाकू का?"

"छे," तो म्हणाला. "राहू दे."