डाव्या हाताला रेशीम, उजव्या हाताला काच

पार्लरमध्ये त्या दिवशी दोन छोट्या डब्या आल्या. एकीत रेशमाच्या पट्ट्या होत्या, दुसरीत काचेच्या धाग्याच्या, ज्याला सगळे फायबरग्लास म्हणतात. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही मागून चिकट. टीव्ही सेंटरजवळच्या त्या पार्लरमध्ये मी चार वर्षं नखांचं काम करत होते. मालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळ्या मॅडम म्हणायचो, म्हणाल्या, "दोनों लगाके देख. पंधरा दिवसांनी मला सांग कोणतं ठेवायचं. दोन-दोन माल मी भरणार नाही."

ज्या बायकांची नखं पातळ असतात आणि ज्यांना ॲक्रिलिकचा जाड थर नको असतो, त्यांच्यासाठी हे काम. नखाच्या आकाराचा कापडाचा तुकडा कापायचा, नखावर बसवायचा, वरून पातळ डिंकासारखं रेझिन लावायचं. कापड ते पिऊन घेतं, आणि वर फवारा मारला की घट्ट होतं. फवारा मारताना क्षणभर चटका बसतो. सांगायला सोपं आहे. पण कोणतं कापड किती दिवस टिकतं, हे कुणाच्या तरी हातावर बघावं लागतं.

माझ्या हातावर बघता येणार नव्हतं, कारण मला नखं नाहीत. लहानपणापासून मी ती कुरतडते. वाट बघायची वेळ आली की माझं बोट आपोआप तोंडात जातं. गिऱ्हाइकं माझ्या बोटांकडं बघतात आणि मग माझ्याकडं बघतात, त्याची मला सवय झालेली आहे.

मला धाकटी बहीण आठवली. चार वर्षांनी लहान, गंगापूरकडं दिलेली, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. आमचं गाव करमाडच्या पुढं आहे. तिची नखं कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायची. शिवाय रविवारी तिचं डोहाळजेवण होतं, आणि फोटोत हात चांगले दिसावेत अशी तिची लई इच्छा होती. शनिवारी सुट्टी टाकली, दोन्ही डब्या पिशवीत घातल्या आणि मुकुंदवाडीवरून काळीपिवळीत बसले.

ओसरीवर वारं होतं, तिथंच बसलो. माय गहू निवडत होती. बाटली उघडल्याबरोबर तिनं नाकाला पदर लावला.

"पोटुशी बाईला असला वास चालतो व्हय? काही झालं म्हंजी?"

"माय, उघड्यावर बसलोय ना. काही होत नाही."

"तुला सगळंच म्हाईत," माय म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

बहिणीनं हात पुढं केला. तिच्या सगळ्या कामाचा हात उजवा, म्हणून त्याला फायबरग्लास लावलं. डाव्याला रेशीम. आधी नखांना पुढं टोकं जोडून लांबी वाढवली, मग कापड. रेशीम रेझिनखाली असं गायब झालं की कापड आहे हेच कळेना. फायबरग्लासची वीण मात्र उन्हात धरलं की बारीक चमकायची. तिथं रेझिन आणखी एकदा द्यावं लागलं. वर गडद मरून रंग लावला. बहीण दोन्ही हात पोटावर ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. "ताई, हे माझे हात वाटत नाहीत," ती म्हणाली.

डोहाळजेवण छान झालं. मी रविवारी संध्याकाळी शहरात परत आले आणि सोमवारपासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रोज दुपारी पार्लरच्या मागच्या जिन्यात उभी राहून तिला फोन करायची.

"डाव्याचं कोणतं सुटलं का?"

"नाय सुटलं."

"भाकरी केल्यास का? कडेनं उचललंय का बघ."

चौथ्या दिवशी डब्याचं झाकण उघडताना डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक तुटलं. मी वहीत लिहून ठेवलं. सातव्या दिवशी उजव्या तर्जनीच्या कडेनं काचेचा एक तंतू बाहेर आला आणि ओढणीत अडकायला लागला. पण उजव्या हाताचं एकही नख तुटलं नाही. भाकऱ्या, भांडी, कपडे, सगळं त्या हातानं होत होतं. मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. फायबरग्लासच ठेवायचं, असं माझ्या मनात जवळजवळ ठरलं होतं.

बाराव्या-तेराव्या दिवशी तिची उत्तरं तुटक यायला लागली. "बरंय." "हाय तसंच." "ताई, मी पडते जरा." मला राग आला. पंधरा दिवसांतले दोनच राहिले होते आणि ही नीट सांगत नव्हती.

चौदाव्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाची नखं घासत होते, तेव्हा मायचा फोन आला. बहीण मोरीपाशी चक्कर येऊन पडली होती. करमाडच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि एक मिनिट थांबू नका, शहरात न्या, असं सांगितलं. माय तिला घेऊन जीपमध्ये बसली होती. तिचा आवाज इंजिनात बुडत होता.

मी ॲप्रन काढायला लागले तर गाठ सुटेना. मॅडमनी मागून येऊन ती सोडली. काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि ॲसिटोनची बाटली, कापूस आणि ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा माझ्या पिशवीत कोंबला.

"हे कशाला?"

"ऑपरेशन करना पडा तो नखं काढायला लावतात. माझ्या जावेच्या वेळी लावली होती. जा, जल्दी जा."

मायनं फोनवर सांगितलेल्या दवाखान्यात मी जीपच्या आधी पोचले. फाटकापाशी उभी राहिले, आत गेले, परत बाहेर आले. जीप आली तेव्हा बहिणीला उतरवताना मला तिचा चेहरा ओळखू आला नाही, इतका सुजला होता. पायातल्या जोडव्यांनी बोटं आवळली होती. आत नेल्यावर डॉक्टरांनी पाचच मिनिटांत सांगितलं की बीपी फार आहे, झटका येऊ शकतो, मूल आत्ताच काढावं लागेल. आठवा महिना लागून थोडेच दिवस झाले होते. माय तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

एक सिस्टर बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा घेऊन आली. बहिणीच्या लांब नखानं तो नीट बसेना, आणि बसवला तर त्या मरून रंगातून आकडा येईना.

"हे काय लावलंय?" सिस्टर म्हणाल्या. "भूल देताना नखाचा रंग बघावा लागतो. दोन बोटं तरी मोकळी करा. कोण करणार?"

"मी," मी म्हणाले. "मीच लावलीत."

ॲसिटोनची बाटली काढली तशी त्या ओरडल्या. आत ऑक्सिजन चालू होता आणि ॲसिटोन पटकन पेट घेतं. त्यांनी स्ट्रेचर बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी घेतलं आणि पाच-दहा मिनिटं आहेत म्हणून सांगून आत गेल्या.

बहिणीचा उजवा हात माझ्या बाजूला होता, म्हणून मी तोच धरला. विचार केला नाही. कापूस भिजवून दोन नखांवर ठेवला, वरून फॉइल गुंडाळली आणि थांबले. थांबणं मला जमत नाही. मी फॉइल सोडून बघितलं, रंग तेवढा गेला होता. परत गुंडाळली. परत सोडली. नखानं खरवडायला गेले तर माझ्या बोटांना नखच नाही. पिशवीतली चावी काढून कडेनं घातली. रेझिनचा थर जरासा चिकट झाला होता, पण खालचं कापड हलत नव्हतं. ज्या मजबुतीखाली मी वहीत दोन रेघा मारल्या होत्या, तीच आता हातातून सुटत नव्हती.

"ताई, दुखतंय," बहीण म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

सिस्टर परत आल्या. "अजून?"

तेव्हा मला डावा हात दिसला. तो तिच्या पोटावर तसाच पडला होता.

"सिस्टर, डावा चालेल का?"

"मला बोट पाहिजे, बाई. डावं-उजवं नको."

मी स्ट्रेचरच्या दुसऱ्या बाजूला पळाले. नवा कापूस, नवी फॉइल. घाईत अर्धं ॲसिटोन माझ्या ओढणीवर सांडलं. थोड्या वेळानं फॉइल काढली तर रेशमाचा थर मऊ पडून सुरकुतला होता. कापसानं पुढं ढकलला आणि भिजलेल्या कागदासारखा निघून आला. टोकही सैल होऊन सुटलं. मधल्या बोटाचं तर आधीच अर्धं तुटलेलं होतं. सिस्टरनी ते खालचं पातळ, फिकट नख दाबलं आणि रंग परत येईपर्यंत बघत राहिल्या. मग चिमटा लावला, आकडा आला, आणि तिला ऑपरेशनसाठी आत नेलं.

व्हरांड्यात मी आणि माय उरलो. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. माय एकदाच बोलली.

"सांगितलं व्हतं तुला. त्या वासानंच झालं हे."

मनातून मलाही तेच वाटत होतं. शिवाय उजव्या हातावर गेलेली ती मिनिटं मी पुन्हापुन्हा मोजत होते.

मुलगी झाली. अगदी लहान होती, तिला पेटीत ठेवलं. काचेतून तिची बोटं दिसत होती, नखं अजून बोटाच्या टोकापर्यंत आलेली नव्हती. बहिणीचं बीपी दोन दिवस खालीवर होत राहिलं. गंगापूरहून जावई आले. त्यांनी मला चहा आणून दिला. मी डॉक्टरांना एकटीला गाठून वासाचं विचारलं. त्यांनी मान हलवली. हा बीपीचा आजार आहे, त्याचा नखांशी संबंध नाही, म्हणाले. त्याच सिस्टर भेटल्या तेव्हा त्या मिनिटांचंही विचारलं. "अहो, तोवर आत तयारी चालली होती," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी बहीण बसायला लागली. तिला चालवत व्हरांड्यात आणलं आणि उरलेली आठ नखं काढायला घेतली. या वेळी घाई नव्हती. रेशमाची पटापट निघाली, उजव्याला वेळ लागत होता. माय पेटीपाशी गेली होती. बहीण खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दोन दिवस आधीपासून डोकं फुटत होतं. डोळ्यांपुढं चमकायचं."

माझा हात थांबला. "मग सांगितलं का नाहीस?"

"मायनं आधीच वासाचं काढलं होतं. डोकं दुखतंय म्हणाले असते तर सगळं तुझ्यावर आलं असतं. वाटलं, जाईल आपोआप."

"अगं, मायला नाही तर मला तरी सांगायचं होतं. मी रोज फोन करत होते!"

ती रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाली, "तू नखांचंच विचारत होतीस, ताई."

मी खाली मान घालून फॉइल गुंडाळत राहिले. तिनं तिचा मोकळा झालेला डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. बोलायला गेले असते तर रडले असते किंवा तिला रागावले असते. दोन्हीची ती जागा नव्हती.

पंधरा-सोळा दिवसांनी मुलीला पेटीतून बाहेर दिलं. त्यानंतर एका सकाळी मी पार्लरला गेले. मॅडमनी सगळ्यात आधी बहिणीचं विचारलं, मग डब्यांचं.

"तर मग? कोणतं ठेवायचं?"

"दोन्ही," मी म्हणाले. "लांबी पाहिजे आणि हातानं काम आहे, त्यांना फायबरग्लास. तडा गेलेलं नख सांधायचंय, किंवा पुढं कधी पटकन काढावं लागेल असं वाटतं, त्यांना रेशीम."

"मी दोन्ही ठेवणार नाही म्हणाले होते."

"मग रेशीम माझ्या पगारातून आणा."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि "पागल है," म्हणून दोन्ही डब्या फळीवर ठेवल्या.

त्याच आठवड्यात सातवा महिना चालू असलेली एक बाई आली. तिला लग्नाला जायचं होतं, लांब नखं हवी होती, मरूनच रंग हवा होता. मी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "पाय सुजतात का? डोकं दुखतं का? बीपी कधी बघितलं?"

ती हसली. मग मी परत विचारलं तेव्हा तिचं हसू गेलं. मी म्हणाले, रेशमाची करू, आखूड ठेवू आणि दोन्ही हातांचं एकेक बोट तसंच सोडू. तिनं हात काढून घेतला. "मी नखं करायला आले, तपासायला नाही," म्हणाली आणि पर्स उचलून गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज येत राहिला.

"डॉक्टर बन गई क्या तू?" मॅडम म्हणाल्या.

दुसरं गिऱ्हाईक आत येऊन बसलं होतं. मी टेबल पुसलं, टॉवेल बदलला, आणि तरी दोनदा उठून खिडकीतून खाली बघितलं. ती बाई रिक्षा शोधत रस्त्याच्या कडेला उभी होती, एक हात कमरेवर ठेवून.