सोमा रोकडे, दुसरी पाळी

यशोधरा रोकडेला राग यायला फार काही लागत नाही. शेअर रिक्षात तिघांच्या जागी चौथा कोंबला, तर उल्हासनगरच्या कॅम्प तीनपासून अंबरनाथ येईपर्यंत ती रिक्षावाल्याला ऐकवते, आणि उतरताना दार नसलेल्या रिक्षाचं दार आपटल्यासारखा हात झटकते. वस्तीतली माणसं म्हणतात, बाई कामाची आहे पण जिभेला हाड नाही. म्हणोत बापडी. तिच्या रागाला कारण काय, हे विचारायला त्यातला एकही कधी तिच्या उंबऱ्यापर्यंत आला नाही. मी सांगतो, ऐका.

बाई सत्तेचाळीस वर्षांची. राहते अंबरनाथ पश्चिमेला, दोन खोल्यांत, एकटी. उल्हासनगरला एका सिंधी मालकाच्या टायपिंगच्या दुकानात पंचवीस वर्षं बसली. लग्नपत्रिका, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, जे येईल ते टाइप करायचं. लोकांचं भिकार मराठी टाइप करताकरता ती ते गुपचूप दुरुस्त करायला लागली, आणि दुरुस्त करताकरता लिहायलाच लागली. पुढे एका प्रकाशकाने तिला वेगळंच काम दिलं. व्हिडिओ गेमवरून कादंबऱ्या लिहायच्या. हो, तसाही धंदा असतो. आणि गेमही कुठले, तर भुताखेतांचे. बंद पडलेलं हॉस्पिटल, ओसाड गाव, आत एकटा माणूस, हातात चार गोळ्या आणि अंगावर येणारी मढी. जगून बाहेर पडायचं, एवढीच गोष्ट. तशा दोन कादंबऱ्या तिने लिहिल्या. दोन्हींच्या कव्हरवर नाव दुसऱ्याच कुणाचं. पोरं त्या रात्री जागून वाचत, आणि लिहिणारी इकडे रिक्षावाल्याशी भांडत असे.

या कामातलं तिला चांगलं कळायचं. गेममध्ये भीती असते ती गोळ्या संपण्याची. पुस्तकात गोळ्या कोण मोजतं? तिथे भीती वेगळीकडून आणावी लागते. गेममध्ये माणूस चाळीस वेळा मरतो आणि चाळीस वेळा त्याच दारापासून पुन्हा निघतो. पुस्तकात मेला की मेला. म्हणून तिचा एक नियम होता, गेम स्वतः शेवटपर्यंत खेळल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. सुरुवातीला ते खेळण्याचं यंत्र हातात नीट धरता येत नव्हतं, माणूस भिंतीवरच डोकं आपटत राहायचा. पण बाई हट्टी. शिकली.

तर गेल्या वर्षी तिला बदलापूरहून बोलावणं आलं. कल्पेश भोईर आणि रिद्धी, दोघंही पंचविशीतले, एका फ्लॅटमध्ये बसून गेम बनवत होते. कल्पेश अंबरनाथजवळच्या मोरिवलीचा, आगरी घरातला. गेमचं नाव 'दुसरी पाळी'. गोष्ट अशी की, रंगाचा एक कारखाना स्फोटानंतर बंद पडलाय, एक इन्स्पेक्टर आत अडकतो, आणि मेलेले कामगार पाळीच्या भोंग्यावर उठून त्याच्या अंगावर येतात. सगळं मराठीत. गेम आणि कादंबरी एकाच दिवशी काढायची, आणि कव्हरवर यशोधराचं नाव ठळक घालायचं, असं रिद्धीने आपणहून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं होतं. बाई हो म्हणाली.

कारखाना आणि मोरिवली म्हटल्यावर तिला जुनं आठवलंच. पण तिथे कारखाने काय एक आहेत? तिने वही घेतली, त्यांच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसली आणि खेळायला लागली. तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी, बुधवारी दुपारी, ती शेवटच्या राक्षसापाशी पोचली. हा सगळ्यांत मोठा. लोंबते हात, जळका चेहरा, छातीवर बिल्ला. पडद्याच्या खाली त्याची ताकद दाखवणारी लाल पट्टी आली आणि पट्टीवर नाव आलं. सोमा भिवा रोकडे.

सोमा भिवा रोकडे हा यशोधराचा बाप.

तिने हातातलं यंत्र खाली ठेवलं. राक्षसाने इन्स्पेक्टरला फाडून टाकलं, पडदा लाल झाला, आणि पुन्हा पहिल्या दारापासून सुरू झालं.

आता मागचं सांगायला हवं. सत्तावीस वर्षांपूर्वी मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला भट्टी फुटली. सहा माणसं गेली. पाच जणांना कंपनीने आपलं म्हटलं, घरच्यांना भरपाई दिली, फोटोला हार घातले. सहावा सोमा. कंत्राटी कामगार. कंपनी म्हणाली, हा त्या पाळीला कामावर नव्हताच. याची पहिली पाळी, ती तीनला सुटली. हा मागच्या भिंतीवरून उडी मारून आत आला होता, तांब्याची तार चोरायला. टाइमकीपरने हजेरीवही आणून दाखवली. दुसऱ्या पाळीत सोमाचं नाव नव्हतं. झालं. पेपरात छापून आलं, भंगारचोरही मृत्युमुखी.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण ऐकतो कोण? सोमाची बायको द्रौपदी सांगत राहिली, की डबा दोन वेळचा नेला होता हो त्यांनी, बदली माणूस आला नाही म्हणून थांबवून घेतलं होतं, निरोप आला होता घरी. निरोपाला पुरावा काय? मग ती कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायला लागली. तिथे कुणीतरी सांगितलं, ही त्या तारचोराची बायको. तेव्हापासून रोज सुटताना, बाकी बायका सरळ जायच्या आणि रखवालदार द्रौपदीबाईची पिशवी उलटी करून बघायचे, तांब्याची बटणं तर नाहीत ना. अठरा वर्षं रोज. यशोधराने कॉलेज सोडलं ते बाप गेला त्याच वर्षी. द्रौपदीबाई तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वस्तीतली अर्धी माणसं आली, अर्धी आली नाहीत.

कळलं आता, राग कुठून येतो?

यशोधराने कल्पेशला हाक मारली आणि हे नाव कुठून आणलं, एवढंच विचारलं. पोरगा खूश झाला. त्याला वाटलं, बाईंना बारकावे आवडले. त्याने उत्साहाने सांगितलं की सगळी नावं खरी आहेत, म्हणून तर गेम एवढा खरा वाटतो. घरच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी हजेरीवही सापडली. आजोबा कारखान्यात टाइमकीपर होते. वही फार नवी-नवी दिसत होती, म्हणून त्याने पानं चहात भिजवली, मेणबत्तीवर कडा जाळल्या, तेव्हा कुठे भुताटकीची कळा आली. मग फोटो काढून गेममध्ये घातले. टाइमकीपरच्या खोलीत टेबलावर ती वही ठेवलीये, ताईंनी ती उघडून बघितली नाही वाटतं.

आणि हाच माणूस शेवटचा राक्षस का, तर तेही त्याने सांगितलं. वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर, शेवटच्या तारखेला, सगळ्यांच्या नावापुढे एकच 'पी' होता. या एकट्याच्या नावापुढे दोन. एक पहिल्या पाळीत, एक दुसऱ्या. एका दिवसात सोळा तास काम करणारा माणूस म्हणजे सगळ्यांत दांडगा असणार. म्हणून तो बॉस.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या फ्लॅटमध्ये असणाऱ्यांनी पाहिलं. यशोधरा उभी राहिली तेव्हा सोफा मागे सरकला. पी म्हणजे प्रेझेंट. हजर. बाप हजर होता. सोळा तास राबवणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून कंपनीने मेलेल्या माणसाला वहीतून पुसलं, चोर केलं, आणि खरी वही या पोराच्या माळ्यावर पडून राहिली. आणि या दीडशहाण्याने ती सापडल्यावर चहात बुडवली!

तिने कल्पेशला सगळं सांगितलं, आवाज न चढवता, आणि ते जास्त वाईट होतं. रिद्धी रडायला लागली. कल्पेश म्हणाला की मुद्दाम केलं नाही, नाव आजच काढून टाकतो, दुसरं कुठलंही घालतो. त्यावर मात्र बाईचा आवाज चढला.

"काढतोस? एवढी वर्षं ते काढलेलंच होतं. हात लावू नकोस. वही आण, आणि मला तुझ्या आजोबांकडे घेऊन चल."

मोरिवलीला कमळाकर भोईरांचं घर म्हणजे आता तीन मजली बंगला. आजोबा ओटीवर खुर्चीत बसले होते, ब्याऐंशी वर्षांचे, बनियन आणि लुंगी. यशोधराने जळक्या कडांची वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मी सोमा रोकड्याची मुलगी, असं सांगितलं. म्हाताऱ्याने वही उघडली नाही. हाताने नुसती चाचपली. नातवाकडे पाहिलं, आणि मग बोलायला लागला.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. सोमाला त्यानेच थांबवून घेतलं होतं. बदली माणूस आला नव्हता. दोन 'पी' त्यानेच मांडले. भट्टी फुटली आणि दुसऱ्या सकाळी मॅनेजरने कोरी वही पुढे टाकली, की अख्खा महिना पुन्हा उतरवून काढ, रोकड्याचा दुसरा 'पी' सोडून. जुनी जाळून टाक. त्याने एका दिवसात नवी वही लिहिली. चौकशीत तीच दाखवली. जुनी घरी आणून ट्रंकेत घातली.

यशोधराने विचारलं की मग जाळली का नाही.

"जालाला हात झाला नाय, बाय," म्हातारा म्हणाला. "दाखवाला पन धीर झाला नाय. माझी पन पोरा लग्नाची होती."

"माझ्या आईचीही पोर लग्नाचीच होती," यशोधरा म्हणाली. "तिची पिशवी रोज उलटी करून बघायचे. तुमची नोकरी राहिली, तुम्ही घर बांधलंत. आमच्या घराला चोराचं घर म्हणतात अजून."

म्हाताऱ्याने हात जोडले. बाईला त्या जोडलेल्या हातांचाही संताप आला. हात जोडणं फार सोपं असतं, असं ती त्याला तोंडावर म्हणाली. तिने पिशवीतून आपली वही काढली आणि सांगितलं, की आता जे बोललात ते पहिल्यापासून पुन्हा बोला, तारखेसकट, नावांसकट, मी लिहून घेते. म्हाताऱ्याची सून आतून आली आणि कुजबुजली, की बाबांचं बीपी वाढेल, झालं गेलं गंगेला मिळालं. म्हाताऱ्यानेच तिला आत पाठवलं. दीड तास तो बोलला. शेवटी सही केली. सही कापरी होती, पण अक्षर वहीतल्या दोन 'पीं'सारखंच उतरतं, हे कल्पेशनेही पाहिलं.

वकिलाला दाखवून झालं. तो म्हणाला, जळक्या वहीचं आणि एका म्हाताऱ्याच्या कागदाचं आता कोर्टात काय होईल, सांगता येत नाही. अर्ज करून ठेवला. कंपनी कधीच दुसऱ्याला विकली गेलीये. म्हणजे उरली ती कादंबरीच. यशोधरा चार महिने लिहीत होती. राक्षस तिने ठेवले, अंगावर येणंही ठेवलं. फक्त ते का येतात, ते लिहिलं. ते इन्स्पेक्टरच्या अंगावर येत नाहीत, त्याच्यामागे दार आहे म्हणून येतात, घरी जायला. शेवटचं प्रकरण म्हणजे टाइमकीपरची जबानी. त्यात तिने आपल्या मनाचं एक अक्षर घातलं नाही. कमळाकर भोईर, मोरिवली, असं नाव-गावासकट सगळं जसंच्या तसं.

छापायला जायच्या दिवशी कल्पेशने ते प्रकरण वाचलं. रिद्धी समोरच होती. पोरगा वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. गेममधली लाल पट्टी त्याने कधीच काढली होती. आता सोमावर गोळी झाडताच येत नव्हती. पण घरचं नाव कागदावर दिसलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्याने मान खाली घालून विचारलं, की बाकी सगळं राहू दे, फक्त आजोबांचं नाव बदलायचं का, बहिणीचं लग्न ठरतंय, गावात चर्चा होईल.

यशोधराने कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

"एक नाव काढलं की काय होतं, ते तू आत्ताच वाचलंस. तरी काढायचं असेल तर तुझ्या हाताने काढ. तुझ्या आजोबांनीही स्वतःच्याच हाताने काढलं होतं."

कल्पेशने बोटं ठेवली आणि उचलली. पुन्हा ठेवली. मग उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. फाइल रिद्धीने पाठवली, नाव न बदलता, आणि त्याने तिला थांबवलं नाही.

पुस्तक आलं. मोरिवलीत चर्चा झाली, कल्पेशच्या बहिणीचं ठरलेलं लग्न लांबलं, आणि अंबरनाथच्या वस्तीत, ज्यांनी पुण्यानुमोदनाला पाय ठेवला नव्हता ती माणसं एकेक करून यशोधराच्या दारात आली. आम्हांला काय माहीत, म्हणाली. तिने कुणाला चहा विचारला नाही. एका शेजारणीने समजुतीने म्हटलं, की आता सगळ्यांना कळलं ना, मग सोड आता राग. यशोधरा म्हणाली, "सगळ्यांना कळलं. आईला कळायचं राहिलं." आणि तिने दार लावून घेतलं.