कॉन्सलचं तोंड घासणारी बाई

बंदराच्या फाटकासमोर एका गोऱ्या कॉन्सलचं स्मारक आहे. परक्यांचं राज्य असताना कुठल्याशा तिसऱ्याच देशाने इथे पाठवलेला हा पहिला सरकारी प्रतिनिधी. आला, तापाने फणफणला आणि मेला. केलं काय, देव जाणे! पण त्याच्या देशाने संगमरवरी अर्धपुतळा बसवला, कुंपण घातलं आणि मागे राखणदाराला एक खोली बांधून दिली. पुतळ्याची निगा राखेल त्याने तिथे राहायचं, अशी रीत पडली.

राखणदार नवरा गेल्यावर हे काम बाईच्या गळ्यात आलं. बोटींच्या धुराची काजळी साहेबाच्या तोंडावर बसायची आणि साबणाने हलायची नाही. मग बंदर कचेरीतल्या कारकुनाने तिला संडास धुवायच्या ॲसिडची बाटली दिली. "लाव, बघ कसा गोरापान होतो!" झाला की! दगडावर फेस यायचा आणि बाई म्हणायची, "मळ निघतोय." तिच्या बोटांची सालं निघाली, नखं गेली, तरी वर्षानुवर्षं तेच. "डोळे मिटा हं साहेब, झोंबेल," असं म्हणत लेकराला घालावी तशी आंघोळ घालायची. वेडी बाई!

यंदा तिचा जीव टांगणीला लागला होता. हातपाय थकले होते, आणि पोराला तिच्या जागी घेतलं तरच लेका-सुनेला खोली राहणार होती. पोरगा एक नंबरचा ऐतखाऊ, पण पोटचा गोळा ना! नवा कॉन्सल हार घालायला येणार, तो खूश झाला की पोराला चिकटवून टाकू, असं कारकून म्हणाला होता. मग काय, बाईने एकीच्या जागी दोन बाटल्या ओतल्या.

नवा कॉन्सल आला तो स्मारकाचा जुना फोटो घेऊनच. फोटोत बाकदार नाक, जाड भुवया, झुपकेदार मिशा. समोर पुतळ्याचं तोंड कसलं, वापरून झिजलेली साबणाची वडी! त्याने दोनदा फोटो पाहिला, दोनदा पुतळा पाहिला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

बाईने कारकुनाकडे पाहिलं. बाटली त्यानेच दिलेली, तो सांगेलच की. तो मेला मख्ख उभा! मग तिने पोराकडे पाहिलं. कचेरीतून बाटल्या तोच आणून द्यायचा.

पोराने सरळ तिच्याकडे बोट दाखवलं. "हिने. सतरांदा सांगितलं, ॲसिड लावू नकोस. ऐकते कुठे?"

"तुझी आई ना ही?" कॉन्सलने विचारलं.

"आहे खरी. पण डोकं ठिकाणावर नाही तिचं."

कॉन्सलची गाडी गेल्यावर कारकुनाने निकाल दिला. "म्हातारी इथे दिसता कामा नये. पोरगा राहू दे, त्याला अक्कल आहे."

आणि बाईला काय वाटावं? आनंद! "चिकटलास ना रे? खोली राहिली ना? मग झालं तर," म्हणत तिने दोन लुगडी आणि एक पातेलं बांधायला घेतलं. "पातेलं राहू द्या सासूबाई, आम्हाला लागेल," सून म्हणाली. बाईने ते काढून ठेवलं.

बोचकं काखेत मारून ती कुंपणापाशी थांबली. कुठे जाणार, एवढं तरी पोरगा विचारेल असं तिला वाटत होतं. तो बादली घेऊन पुतळा धुवायला आला होता.

"बाजूला हो ना जरा," तो म्हणाला, "शिंतोडे उडतील."

ती बाजूला झाली.